रंगानं लिहिलेली तारीख

न्हाय साहेब, चोरी न्हाय. चोराला काय करायचाय नुसता गिअर बॉक्स? चोर आला असता तर पाती नेली असती, भंगारात लगेच खपतात. त्या रोटरवरचं, तुमी आत्ता उचललंत ते पोतं म्याच टाकलेलं. कोऱ्या मशीनचं असं उघडं पोट बघवत नव्हतं, म्हणून झाकलेलं — तुमी बसा आधी. ती खुर्ची नका घेऊ, तिचा एक पाय हलतो, ही घ्या. फोन? ठेवा की इथं टेबलावर. जबाब रेकॉर्ड करायचा म्हणता — करा, तुमचं कामच हाय ते, आपल्याला काय लपवायचंय? हे लाल टिंब दिसतंय, म्हंजे चालू झालं का? बरं. नाव सांगू? कोंडीराम. मुक्काम ढोकी. दुकानाला एकतीस वर्षं झाली, तुमच्या कंपनीची एजन्सी घेऊन एकोणीस. आता लिहा — शोरूममधल्या ट्रॅक्टरमागं लावायच्या नव्या रोटरचा गिअर बॉक्स म्या काढला. महांतेशनं न्हाय. तो आपला मेस्त्री, त्याला नंतर विचारालच तुमी, तो म्हणंल मीच काढला म्हणून, त्याच्यावर विश्वास ठेवू नका, तो माझ्यासाठी खोटं बोलतो. पयला बोल्ट म्या सोडवला. ह्या हातानं. हे बगा, अंगठ्याचं नख अजून काळं हाय.

का काढला ते सांगतो. मी जरा सावकाश बोलतो, तुमाला घाई असंल तर — न्हाय? चहा येईल आतनं. घर मागंच हाय. तुमी कुठले? जळकोट? तुळजापूरकडचं जळकोट का? अरे, म्हंजे आपल्याच जिल्ह्यातले की! आई-वडील हायेत? शेती करतात? मंग तर तुमाला सांगायला सोपं. मला वाटलं पुण्याचा कुणी पाठवतील, त्याला वाफसा म्हंजे काय इथनं सुरुवात करावी लागंल.

ते बगा, त्या कोपऱ्यातल्या जुन्या पेरणी यंत्राच्या दांडीवर — दिसतंय का पांढऱ्या रंगात? दिवस, महिना, वर्ष. खाली एक रेघ, अन् रेघेखाली दोन टिंबं. ही ह्या दुकानाची रीत हाय. मशीन उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ऑइलपेंटनं त्याच्या अंगावर तारीख टाकायची. वॉरंटीच्या कार्डाचं काय खरं असतं? उंदीर खातो, पावसात भिजतं, लेकरं विमान करून उडवतात. दांडीवरची तारीख कुठं जात न्हाय. मशीन बिघडून आलं की मी आधी त्या तारखेवरचा चिखल पुसतो. वर्ष झालं नसंल तर काम आपलं. झालं असंल तर सांगायचं — बाबा, झालं. वाद न्हाय, आवाज न्हाय. पार आपल्या वाशी तालुक्यापर्यंत विचारत जावा, आण्णाच्या दुकानातली तारीख म्हणलं की कुणी कार्ड मागत न्हाय.

अन् वॉरंटी तरी काय हो? तुमच्या पुस्तकात तिची अकरा पानं हायेत. आमच्या निकितानं, कॉम्प्युटरवर बसती ती, एकदा मला समदी वाचून दाखवली — सील बसत न्हाय, बेअरिंग बसत न्हाय, पाती बसत न्हाईत, दगड लागला तर बसत न्हाय, गंज आला तर बसत न्हाय. ऐकून ऐकून मी म्हणलं, पोरी, बसतं काय तेवढंच वाच. तर ते दीड ओळीत संपलं. हसताय? हसा. शेतकरीबी काय कमी नसतो. वाशीकडनं एकजण फवारणीचा पंप घेऊन आला, उंदरानं नळी कुरतडलेली. मी म्हणलं, पाव्हणं, हे उंदराचं काम हाय. तर म्हणतो, "पंप आणला तवाच उंदीर आला घरात, त्याच्याआधी नव्हता." नळी दिली बदलून. एकाच्या रोटरमधनं बांधावरचा एवढा धोंडा निघाला, तर तो म्हणतो कंपनीतनंच आला असंल. तो धोंडा ठेवलाय म्या मागं, दाखवतो तुमाला जाताना. लोक असेच असतात, त्यात काय मन खट्टू करायचं. शेतकऱ्याला समजावून सांगितलं की तो ऐकतो. पण सांगताना त्याला माझं तोंड दिसलं पाह्यजे साहेब, तोंड लपवून सांगायची पाळी आली की संपलं.

आता मुद्द्यावर येतो. तुमची रीत निराळी. तुमच्या कंपनीत मशीनचा जन्म कॉम्प्युटरात होतो. विकल्याची नोंद केली, गिऱ्हाइकाच्या फोनवर आकडा आला, तो आकडा आत घातला की त्या दिवसापासनं वॉरंटीचं वर्ष सुरू. चांगली रीत हाय, वाईट न्हाय. फक्त ज्या दिवशी मशीन जातं त्याच दिवशी आकडा घातला पाह्यजे.

गेल्या वर्षीचा मार्च. एकतीस तारीख. तवा इथले एरिया मॅनेजर कृष्णराज साहेब. तुमचे आत्ताचे मोठे साहेब, व्हय, तेच. दुपारी आले. घामाघूम. म्हणले, "मामा, चार मशीन कमी पडतायत. चार झाली की माझं पुण्याचं पक्कं. विकू नका, हलवूबी नका, नुसती नोंद दाखवायची." मी म्हणलं, अन् वॉरंटी? ती लागंल की चालायला. उभ्या मशीनचं वर्ष संपंल. तर म्हणले, "क्लेम कुणाच्या टेबलावर येणार? माझ्याच ना? मी बसलोय ना तिथं? एक दिवससुद्धा इकडचा तिकडं होऊ देणार न्हाय." असं म्हणून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मामा? — व्हय, मामा म्हणतात मला. वयानं मोठा हाय म्हणून. समदेच म्हणतात कायबाय, कुणी आण्णा, कुणी मामा.

नोंदीला गिऱ्हाईक लागतं. गिऱ्हाईक कुठनं आणायचं दुपारी? तर म्हणले, आईचा फोन द्या. कस्तुराबाईचा, माझ्या मालकिणीचा. ती आत भाकरी थापत बसलेली, हात पिठाचे, फोन कट्ट्यावर. तिला आकडे येतात, पण एकेक करून. "सात... शून्य... परत शून्यच हाय रे..." अन् ते बाहेरनं म्हणतायत, "आई, लवकर, वेळ जाईल त्याची." असं चार बारी. चार मशीनची मालकीण झाली बाई बसल्या जागी, अन् तिला वाटलं किशाच्या — कृष्णराज साहेबांच्या कसल्या परीक्षेचा निकाल हाय. शेवटचा आकडा वाचला अन् पदरानं घाम पुसत विचारलं तिनं, "झालास का रे पास?" ते म्हणले, "झालो आई." मंग भाकरी खाऊन गेले. मे महिन्यात पुण्याला गेले.

चारातली तीन मशीनं उन्हाळ्यातच गेली. त्यांचं काय जाणवलं न्हाय, दीड-दोन महिन्यांचा फरक. ह्या चौथ्याला मात्र गिऱ्हाईकच लागंना. ते राह्यलं थेट दसऱ्यापर्यंत.

दसऱ्याच्या दिवशी हे दुकान बगायला पाह्यजे तुमी. झेंडूचा खच, नारळाच्या पाण्यानं फरशी चिकट. ज्याचा त्याचा मशीनचा पयला दिवस. त्या गर्दीत प्रसेनजित आला, अन् त्याची आई चांगुणाबाई. पोरगं पुण्यात कंपनीत होतं, आई एकटी पडली म्हणून परत आलं. बाईनं जन्मभर ऊस तोडला. कारखान्याच्या फडात बघितलंय मी तिला, पोर पाठीवर बांधून मोळ्या उचलताना. तिनं आता स्वतःच्या रानाला रोटर घेतला. तुमाला सांगतो साहेब, असं गिऱ्हाईक दुकानात आलं की आपणच नवं मशीन घेतल्यावानी वाटतं. प्रसेनजित म्हणला, "आण्णा, आमचा आजचा दिवस धम्मचक्राचा. नारळ नको, आमी आमच्या रीतीनं करतो." मी म्हणलं, कर की बाबा. त्यांनी मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, रोटरपुढं हात जोडून त्रिशरण म्हणलं, पंचशील म्हणलं. म्या टोपी काढून हातात धरली. समदं दुकान गप उभं राह्यलं बगा, नारळ फोडणारेसुद्धा. झाल्यावर चांगुणाबाईनं मला खडीसाखर दिली अन् आपल्या आपण सांगितलं, "ह्यात आमी पाच गोष्टी म्हणतो आण्णा. चोरी करणार न्हाय, खोटं बोलणार न्हाय... म्हणायला सोप्या हायेत." असं म्हणून हसली. अन् मंग म्हणली, "तारीख टाका."

ब्रश हातात होता. रंगात बुडवलेला. थेंब पडला माझ्या चपलेवर, तो अजून हाय, हा बगा. मला ठाऊक होतं ना साहेब — ह्या मशीनचं निम्मं वर्ष संपलंय, ते कस्तुराबाईच्या नावानं कॉम्प्युटरात जन्माला आलंय. तवाच सांगायचं होतं. बाई, ह्यात अशी अशी भानगड हाय, हे नको, दुसरं मागवून देतो. पण दुकान भरलेलं. अन् मला वाटलं, सांगितलं तर बोभाटा होईल, तिकडं पुण्याला कृष्णराज साहेबांच्या नोकरीचं काय? त्यांनी शब्द दिलाय. टेबल त्यांचं हाय. मंग टाकली तारीख. दसऱ्याची. रेघ, दोन टिंबं. दिवस खरा होता, खोटा न्हाय. पण ती वाचून त्या माउलीला जे कळलं, ते खोटं होतं. — हे लिहू नका. न्हाय, लिहा. लिहा, माझं हाय ते.

तीन आठवड्यांखाली रोटर आला. ट्रॉलीत घालून. पेरणीच्या तोंडावर. पाऊस होऊन गेलेला, माती पेरणीजोगी मोकळी होऊन रानाला वाफसा आलेला — तुमाला ठाऊक हाय, काळ्या रानाचा वाफसा किती टिकतो, दोन दिवस, फार तर तीन. महांतेशनं गिअर बॉक्स उघडला. आतल्या क्राऊन चाकाचे चार दात गेलेले. मला वाटलं दगड लागला असंल. तर महांतेशनं तुटलेला दात पुसून माझ्या तळहातावर ठेवला. तो अक्कलकोटकडचा, निम्मं कन्नड बोलतो. म्हणला, "नोडा आण्णा, हे बगा. ताजं तुटलं की लोखंड चमकतं. हे निम्मं काळं हाय." म्हंजे काय? म्हंजे कारखान्यातनंच बाल, केसाएवढी चीर, आला होता त्याला. निम्मा दात जन्मापासनं मेलेला. वापराचा दोष न्हाय, त्या पोराचा न्हाय, कुणाचा न्हाय. तुमच्या त्या दीड ओळीत बसणारा एवढा सरळ क्लेम म्या एकोणीस वर्षांत बघितला न्हाय साहेब. निकितानं फोटो काढले, नंबर टाकला, पाठवलं. मी प्रसेनजितला म्हणलं, जा, जेवून ये, दोन दिवसांत नवा बॉक्स येतो.

पाच मिनिटांत उत्तर आलं. माणसानं न्हाय दिलं, कॉम्प्युटरनं दिलं. मुदत संपली. एकतीस मार्च.

म्या फोन लावला. कृष्णराज साहेबांना. उचलला न्हाय. दुसऱ्या दिवशी लावला. तिसऱ्या बारीला उचलला, अन् मागं माणसं बोलत होती, मीटिंग असंल. मी म्हणलं, अरे, ते मार्चमधलं चौथं मशीन — ते म्हणले, "कोण डीलर बोलताय?" मी म्हणलं, मी रे, मी बोलतोय, ढोकीवरनं. तर म्हणले, "नोंद डीलरच्या लॉगिनमधनं झालेली असते. तारखेची जबाबदारी डीलरची. तुम्ही लेखी कळवा." तुम्ही. लेखी. अन् फोन ठेवला. मला वाटलं, बाहेर जाऊन परत लावतील. माणसांपुढं बोलता आलं नसंल. दिवसभर फोन शर्टाच्या खिशात ठेवला, न्हाणीत जातानासुद्धा. अजून — जाऊ द्या.

तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई एकटी आली. मला वाटलं भांडंल. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला पाणी देता येतं, बसवता येतं. ती रोटरपाशी गेली, पदराच्या टोकानं दांडीवरची माती पुसली अन् म्हणली, "आण्णा, ही तारीख तुमच्याच हातची हाय न्हवं?" बस, एवढंच. मी म्हणलं, व्हय बाई, माझ्याच. ती म्हणली, "मंग मी लेकराला काय सांगू? तो म्हणतोय कंपनी न्हाय म्हणती. मी म्हणलं, कंपनी कोण? आण्णानं लिहिलंय."

तुमी काय केलं असतं साहेब? — न्हाय, तुमी नका सांगू, तुमची नोकरी हाय. मी महांतेशला म्हणलं, त्या नव्या रोटरचा बॉक्स काढ, ह्यांना बसव. तो हात मागं बांधून उभा राह्यला. "आण्णा, ते कंपनीचं मशीन. असं एकाचं काढून दुसऱ्याला घातलं तर एजन्सी जाती. करारात लिवलंय." म्हणलं, ठाऊक हाय. पाना दे. न्हाय म्हणला. मंग म्याच घेतला. एकाहत्तर वय, गुडघे वाकत न्हाईत, बसलो फरशीवर फतकल मारून. पयला बोल्ट सुटला तवा हे नख गेलं. दुसऱ्याला महांतेशनं पाना हिसकावून घेतला, कन्नडमधनं मला काय काय बोलला, अन् काढला बॉक्स. संध्याकाळच्या आत प्रसेनजितच्या रानात रोटर फिरत होता. वाफसा सापडला त्यांना. सोयाबीन उगवून आलीय आता, परवा बांधावर जाऊन बघून आलो. नुसतं बघितलं अन् आलो.

त्याच दिवशी, रानातनं परत आलो तर हे पत्र येऊन पडलेलं. आता तुमी आणलंय ती त्याचीच नक्कल. निकितानं वाचलं — ढोकीच्या डीलरनं कंपनीला न कळवता एकाच बाईच्या नावावर चार खोट्या विक्र्या दाखवल्या, कंपनीची फसवणूक केली, एजन्सी का रद्द करू नये, माल मोजायला माणूस पाठवत आहोत. कंपनीला न कळवता! पोरगी वाचता वाचता थांबली. मी म्हणलं, खाली कुणाची सही हाय? ती म्हणली, "आण्णा, तुमीच बगा." मी म्हणलं, मला कुठं इंग्रजी येतं? तरी तिनं कागद माझ्यापुढं सरकवला अन् पाणी आणायला गेली. मी बघितलं. इंग्रजीच होती सही. पण तिच्याखाली रेघ होती. अन् रेघेखाली दोन टिंबं.

दोन टिंबं, साहेब.

ती रीत माझी न्हाय. ती त्याची हाय. मला कुठं येत होतं एवढं? चौथी शिकलेला माणूस, आकडे काढायचो ते शेणगोळ्यावानी. किशा सातवीत होता. शाळेतनं आला, माझ्या हातातला ब्रश घेतला अन् म्हणला, "मामा, तुमचा पाच हाय का नऊ तेच कळंना. मी टाकतो." एका मळणी यंत्रावर टाकली त्यानं तारीख, छापल्यासारखी. खाली रेघ मारली, दोन टिंबं दिली. मी विचारलं, हे कशाला रे? म्हणला, "ही आपली खूण. दुसऱ्या कुणी खोटी तारीख टाकली तर तुमाला ओळखू येईल." पुढं तो कॉलेजला गेला, मंग मीच त्याच्यावानी टाकायला शिकलो. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांना जमलं न्हाय ते त्या लेकरानं शिकवलं मला.

माझ्या धाकट्या बहिणीचं लेकरू, साहेब. ती गेली तवा तीन वर्षांचं होतं. आमाला मूलबाळ न्हाय. कस्तुराबाईच्या मांडीवर वाढलं, तिला पयल्यापासनं आईच म्हणतं. ह्याच दुकानात शिकला, नट कुठला अन् बोल्ट कुठला ते. तुमच्या कंपनीत लागला तवा फॉर्म भरायला बसला होता इथंच, ह्याच टेबलावर. त्यात विचारलं होतं म्हणं, कुठल्या डीलरशी नातं हाय का. त्यानं न्हाय म्हणून लिहिलं. माझ्यापुढं. म्हणला, "मामा, नुसती कागदाची गोष्ट हाय. पण आता दुकानात मला साहेब म्हणत जावा. लोकांपुढं बरं दिसतं." मी म्हणायला लागलो. आधी हसू यायचं. मंग सवय झाली. पयल्या दिवशी किशा न्हाय म्हणलो, साहेब म्हणलो, तवा कस्तुराबाई दाराआड तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटलं, मोठा झाला. कागदावर न्हाय म्हणला, पण जेवायला तर आपल्याच ताटात बसतोय. एक न्हाय लिहून दिलं त्यानं माझ्याबद्दल, मला खुपलं न्हाय. चार विक्र्या लिहून घेतल्या, तरी खुपलं न्हाय. अन् आता हे तिसरं लिहिलं — फसवणूक. माझ्याकडनं शिकून न्हाय गेला तो हे. मी आठवून आठवून बघतोय, कुठं शिकवलं का म्या —

काय झालं? लिहायचं का थांबलात?

साहेब, तुमी असं तोंड का केलंत? त्या फॉर्मातलं — ते कंपनीला ठाऊक नव्हतं का? न्हाय, आता एवढा मोठा साहेब झालाय, म्हणून मला वाटलं समद्यांना — ठाऊक नव्हतं?

ते लाल टिंब. ते चालूच हाय व्हय अजून?

पुसा की ते. मागचं तेवढं पुसा. माझं ठेवा, बॉक्स काढलेला, तारीख टाकलेली, ते समदं ठेवा. तेवढं मामा-भाच्याचं पुसून टाका. पुसता येत न्हाय? निकिता पुसती की फोनमधलं. — आपल्या आपण वर जातं? म्हंजे गेलं? आत्ता बोलतोय तेपण जातंय? त्याची नोकरी जाईल हो. दोन लेकरं हायेत त्याला, धाकटी आत्ता शाळेत जाया लागलीय. त्याचं घर — न्हाय, थांबा. थांबा जरा. पुसता येत न्हाय तर वर आणखी बोलता तर येतंय ना? हां. मंग घ्या. जवळ घ्या तो फोन. मी, कोंडीराम, ढोकी, माझ्या राजीखुशीनं सांगतो, की चार खोट्या नोंदी म्या केल्या. मला कुणी सांगितलं न्हाय. कृष्णराज साहेब त्या दिवशी इथं आले नव्हते. मघाशी बोललो ते म्हातारपणाचं बोललो, रागाच्या भरात, खोटं बोललो. त्यांचं माझं नातं न्हाय. ते माझे कुणी —

काय गं? काय म्हणतीस? न्हाय, चहा नको आता, उशीर झालाय त्यांना. — कुणी सांगितलं तुला? निकितानं? — न्हाय गं, त्याच्या हापिसातले न्हाईत हे. दुसरेच हायेत. माल मोजायला आलेत. — आत जा तू. शेंगाच्या पोळ्या त्याला द्यायला कशाला बांधल्यास? — अगं न्हाईत म्हणलं ना ओळखत हे त्याला. ठेव ती पिशवी. आत जा म्हणतो ना, कस्तुरा. आपल्या किशाला, आपल्या किशाला काय लावलंयस —

साहेब, बंद करा ते.

तिचं बोलणं जातंय त्यात. बंद करा. अन् उठा आता तुमी. पोतं म्या परत टाकतो.